निवड समित्यांनो, कर्लरला हरायला वेळ द्या

प्रति,
कर्लिंगच्या राष्ट्रीय संघटनांच्या निवड समित्या
आणि त्यांना निधी देणाऱ्या क्रीडा यंत्रणांचे अधिकारी

विषय : चार वर्षांच्या वहीत न मावणारी कारकीर्द

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

अकरा वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच एका समितीचा मला ईमेल आला. साडेतीन ओळींचा. 'आगामी ऑलिंपिक चक्राच्या दृष्टीने आपल्या नावाचा विचार करणे शक्य होणार नाही,' असे त्यात होते आणि शेवटी पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. मी तेव्हा २७ वर्षांची होते. कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवून तो नेमक्या जागी थांबवायच्या चौघांच्या सांघिक खेळात, लीड (संघाचे पहिले दगड टाकणारी) म्हणून खेळत होते आणि दगडाचा वेग हाताला नुकता कुठे कळायला लागला होता. समिती कोणती, देश कोणता, हे सांगत बसत नाही. तिच्या जागी दुसरी असती तरी ईमेल तोच आला असता, फार तर शुभेच्छांची ओळ थोडी लांबली असती.

मी त्याला उत्तर दिले नाही. काय लिहायचे ते तेव्हा सुचले नव्हते आणि जे सुचत होते ते छापण्याजोगे नव्हते. आता राग ओसरला आहे. तक्रार मात्र उरली आहे, आणि ती एकट्या माझी नाही म्हणून उघड लिहिते आहे. कर्लर उशिरा पिकतो आणि तुमची वही दर चार वर्षांनी मिटते. हा मेळ बसत नाही. तो बसवायची वेळ आली की तुम्ही वही तशीच ठेवता आणि खेळाडूचे नाव कापता.

कर्लर उशिरा का पिकतो, हे तुमच्यातल्या जुन्या खेळाडूंना सांगायची गरज नाही. पण निधीच्या बैठकीत बसणाऱ्या अनेकांनी हॅकमध्ये, म्हणजे दगड सोडताना पाय रोवायच्या आधारात, कधी पाय ठेवलेला नसतो, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. शीटची, म्हणजे खेळायच्या बर्फाच्या पट्टीची, लांबी ४५.७२ मीटर आणि दगडाचे वजन जास्तीत जास्त १९.९६ किलो. हे आकडे ऐकून लोकांना वाटते की सगळा ताकदीचा मामला असणार. वास्तविक तयार बर्फावर तो दगड दहा-बारा वर्षांचे पोरही सरकवते. अडते ते किती सरकवायचा इथे. शीटच्या दोन्ही टोकांकडे हॉग लाइन नावाची एकेक आडवी रेघ असते. त्या दोन रेघांमधले अंतर कापायला ड्रॉचा, म्हणजे लक्ष्यात नेऊन थांबवायचा, दगड साधारण चौदा-पंधरा सेकंद घेतो. त्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर बटनावर, म्हणजे लक्ष्याच्या मधोमध, थांबायचा दगड हाउसच्या, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळांच्या, कडेला जाऊन बसतो. हे अर्ध्या सेकंदाचे गणित डोक्याने करता येत नाही, ते पायाला आणि हाताला कळावे लागते, आणि कळायला हजारो दगड टाकावे लागतात.

एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण बर्फ रोज वेगळा असतो. सामन्यापूर्वी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून दाणे होतात, त्यालाच आम्ही पेबल म्हणतो. दगडाचा तळ सपाट नसतो, तो एका अरुंद कड्यावर टेकलेला असतो आणि ते कडे या दाण्यांवरून धावते. सामना पुढे सरकतो तसे दाणे झिजतात. मधली वाट वेगळी होते आणि कडेची वेगळी. पहिल्या एंडला, म्हणजे डावाला, जिथे दगड हातभर वळत होता तिथे सातव्या एंडला तो सरळ निघून जातो, किंवा नेमके उलटे होते. प्रेक्षकांच्या गर्दीने हॉलची हवा तापली की आणखी तिसरेच काही. शिवाय दगड मुळात कशामुळे वळतो, यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. टेबलावर पालथा पेला फिरवत ढकलला तर तो एका बाजूला वळतो आणि कर्लिंगचा दगड बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये बर्फावर पडणाऱ्या सूक्ष्म ओरखड्यांचा सिद्धान्त मांडला. तो सगळ्यांना पटलेला नाही. ज्याचे शास्त्रच अजून वादात आहे, ते कुणी पोरगी चार हंगामांत आत्मसात करील अशी अपेक्षा तुम्ही कशाच्या बळावर धरता?

म्हणून या खेळात माणसे पायरीपायरीने वर जातात. लीड म्हणून सुरुवात होते. एंडचे पहिले दोन दगड टाकायचे आणि बाकीच्या सहा दगडांपुढे वाकून, ते लांब आणि सरळ जावेत म्हणून, बर्फावर ब्रश घासायचा, यालाच स्वीपिंग म्हणतात. लीडला वाहवा मिळत नाही. तिचा चांगला गार्ड, म्हणजे पुढे आडोशाला थांबवलेला दगड, कोणाच्या लक्षात राहत नाही, वाईट गार्ड मात्र शेवटच्या दगडापर्यंत स्किपच्या, म्हणजे कर्णधाराच्या, नजरेत खुपतो. पण बर्फाची पहिली खबर लीडलाच लागते. मग सेकंड, मग स्किपच्या कानाशी लागणारी व्हाइस, म्हणजे उपकर्णधार, आणि शेवटी जमले तर स्किप. प्रत्येक पायरीवर काही वर्षे जातात. ती गाळून वर चढलेल्यांना मी पाहिले आहे. दहाव्या एंडला हॅमर, म्हणजे एंडचा शेवटचा दगड, हातात असताना त्यांचे पाय कापतात.

मुरलेले हात काय करतात ते पाहायचे तर २००६ चे ट्यूरिन आठवा. कॅनडाने सुवर्णपदक घेतले तेव्हा त्यांचा स्किप ब्रॅड गशू २५ वर्षांचा होता, आणि तेव्हापासून 'तरुण जिंकतात' म्हणणाऱ्यांचे तो लाडके उदाहरण आहे. त्याच्याच संघात सेकंडचे दगड टाकणारा आणि पलीकडे हाउसमध्ये उभा राहून निशाणा दाखवणारा रस हॉवर्ड मात्र त्या स्पर्धेच्या दिवसांतच पन्नाशीचा झाला, हे सांगायचे ते विसरतात. दोनदा जगज्जेता झालेला हा माणूस. पुढचे गार्ड ठरावीक दगड पडेपर्यंत उडवायचे नाहीत, हा आज जगभर चालणारा नियमसुद्धा त्याच्या सरावातल्या एका खेळातून निघाला आणि १९९० मध्ये मंक्टनच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरला गेला. तरुण गशूने बर्फ वाचायचे काम या हॉवर्डवर सोपवले होते. मला त्या सुवर्णपदकातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच वाटते.

आणि पुढे गशूचे काय झाले? ऑलिंपिक सुवर्ण आधी आले, पण १९२७ पासून चालत आलेली कॅनडाची राष्ट्रीय स्पर्धा, ब्रायर, त्याच्या हाती लागेना. आधी कळस, मग पाया. २०१७ मध्ये, अकरा वर्षांनी, घरच्या प्रेक्षकांसमोर सेंट जॉन्सला त्याने ती जिंकली, आणि मग २०२४ पर्यंत एकूण सहा वेळा जिंकली. २०१० किंवा २०१४ मध्ये त्याची वही मिटवली असती तर? कॅनडात ती मिटली नाही, कारण तिथे राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता जिंकणाऱ्या संघाला मोकळा असतो. कुणाच्या शिफारशीवाचून तुम्ही दरवर्षी पुन्हा येऊन हरू शकता. ही फार मोठी सवलत आहे.

कॅनडाच्याच केव्हिन मार्टिनने २००२ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात शेवटचा दगड टाकला तो किंचित पुढे सरकला, आणि सुवर्ण नॉर्वेच्या पॉल ट्रुलसेनकडे गेले. आठ वर्षांनी व्हँकुव्हरमध्ये मार्टिन परत आला तेव्हा ४३ वर्षांचा होता आणि एकही सामना न हरता जिंकला. लोकांना त्या अंतिम सामन्यातल्या नॉर्वेच्या चट्टेरीपट्टेरी विजारी तेवढ्या आठवतात. मला आठवतो तो मार्टिनचा सावकाशपणा. सिल्व्हाना तिरिंझोनीचा स्विस संघ २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. पुढच्या वर्षी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ती पहिल्यांदा जगज्जेती झाली, आणि नंतर २०२१, २०२२, २०२३ अशी सलग. २०२० ची स्पर्धा महामारीने रद्द झाली होती, नाहीतर कोण जाणे.

आता जॉन शुस्टर. त्याच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तो तुमच्या टेबलावरून खाली पडलेला माणूस आहे.

२००६ मध्ये पीट फेन्सनच्या अमेरिकन संघाने कांस्यपदक मिळवले तेव्हा शुस्टर लीड होता. म्हणजे माझ्याच बिरादरीतला. २०१० मध्ये तो स्किप झाला. पहिले चार सामने हरला आणि पाचव्याला त्यालाच बाकावर बसवले. एकूण दोन विजय, सात पराभव. २०१४ मध्ये सोचीत परत दोन विजय, सात पराभव. ऐन मोक्याला कच खाणे याला इंटरनेटवर लोकांनी त्याचे आडनाव क्रियापद म्हणून वापरायला सुरुवात केली. त्यानंतर अमेरिकी संघटनेने निवडक खेळाडूंचा खास कार्यक्रम आखला आणि त्यात शुस्टरला घेतले नाही. कागदावर निर्णय चोख होता. अठरा सामन्यांत चार विजय, कोणती समिती त्याला ठेवील? मीही तुमच्या खुर्चीत असते तर कदाचित तीच सही केली असती.

त्याने काय केले? कार्यक्रमात जागा न मिळालेल्यांना गोळा केले. टायलर जॉर्ज दारूच्या दुकानात व्यवस्थापक होता, बाकीचेही नोकरदार. स्वतःला 'नाकारलेल्यांचा संघ' म्हणवून घेत ते खेळले आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. मग संघटनेने त्यांना आत घेतले. घ्यावेच लागले. २०१८ मध्ये प्यँगचांगला सहा सामन्यांत दोन विजय आणि चार पराभव अशी अवस्था होती, पुन्हा तेच जुने आकडे. त्या रात्री शुस्टरच्या डोक्यात काय चालले असेल याचा मी बऱ्याचदा विचार करते. तिथून एकही सामना न हरता संघ अंतिम फेरीत गेला. स्वीडनविरुद्ध आठव्या एंडला शेवटच्या दगडावर त्याने दुहेरी टेकआउट करून, म्हणजे एका दगडाने समोरच्यांचे दोन दगड उडवून, पाच गुण घेतले, आणि सामना १०–७ असा जिंकला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. लीडपासून त्या दगडापर्यंत बारा वर्षे गेली होती आणि त्यातली बहुतेक हरण्यात गेली होती.

तुम्ही म्हणाल, एखादा शुस्टर निघतो, म्हणून प्रत्येक हरणाऱ्याला पोसायचे का? प्रश्न रास्त आहे. पण शुस्टरला परत यायला पोसले कोणी नव्हते. त्याला उघडे दार मिळाले. कार्यक्रमाबाहेर राहूनही त्याला राष्ट्रीय स्पर्धेत उतरता आले आणि ती त्याने जिंकली. ते दारही बंद असते तर अमेरिकेला ते सुवर्णपदक मिळाले नसते, आणि आपले काय गेले हे त्या समितीला कधी कळलेही नसते. मला रात्री जागे ठेवते ते हे. न मिळालेली पदके कुठल्याच अहवालात येत नाहीत.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा दाखलाही ठेवते, नाहीतर तुम्ही ठेवालच. ब्रिटनची स्किप इव्ह मुइरहेड. २०१८ च्या कांस्यपदकाच्या सामन्यात तिचा शेवटचा दगड चुकला आणि पदक जपानकडे गेले. तेव्हा ती २७ वर्षांची होती, माझा ईमेल आला त्याच वयाची. मग नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत संघाला ऑलिंपिकची थेट जागा मिळाली नाही. तेव्हा ब्रिटिश संघटनेने जुना संघच मोडला. नऊ जणींचा गट केला, महिनोन्‌महिने अदलाबदल करून पाहिली आणि त्यातून पाच जणी निवडल्या. म्हणजे समितीने हात घातला आणि तो यशस्वी ठरला, हे मी मान्य करते. त्या पाच जणी डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या लेउवार्डेनच्या पात्रता स्पर्धेतून बीजिंगला पोचल्या. उपांत्य सामन्यात पहिल्याच एंडला स्वीडनला चार गुण देऊनही १२–११ असे जिंकल्या, आणि अंतिम सामन्यात जपानला १०–३ हरवले. पण एक पाहा. त्या सगळ्या फेरबदलात शेवटचे दगड टाकायला कोण ठेवली? तीच, जिचा शेवटचा दगड चार वर्षांपूर्वी चुकला होता. मुइरहेडच्या हरण्याला तुम्ही अनुभव म्हणालात. माझ्यासारख्या लीडच्या हरण्याला आकडेवारी म्हणता.

त्याच संघातली विकी राइट परिचारिका होती आणि महामारीत ती परत रुग्णालयात रुजू झाली होती. कॅनडाची जेनिफर जोन्स, जिने २०१४ मध्ये एकही सामना न हरता सुवर्ण जिंकले, ती वकील. हे वाचून लोक कौतुकाने मान डोलावतात, किती साधी माणसे! मला त्या कौतुकाचा कंटाळा आला आहे. नोकरी सांभाळून खेळणे म्हणजे सगळी रजा स्पर्धांना वाहणे, पहाटे किंवा रात्री दहानंतर मिळेल त्या वेळी बर्फ भाड्याने घेणे, आणि बढतीची वेळ आली की 'तू तर हिवाळाभर नसतेस' हे ऐकणे. मी हिशेबाच्या कामात होते. आमचा वर्षअखेरीचा हंगाम आणि कर्लिंगचा हंगाम नेमके एकमेकांच्या उरावर. साहेब भला माणूस होता, तो दरवर्षी विचारायचा, "यंदा शेवटचेच ना?" आणि मी दरवर्षी हो म्हणायचे.

पैशाचे भांडण नवे नाही. २००१ मध्ये कॅनडातल्या आघाडीच्या अनेक संघांनी ब्रायरवर बहिष्कार जाहीर केला, कारण तिथे प्रेक्षक होते, दूरचित्रवाणी होती, प्रायोजक होते, पण खेळाडूंना बक्षिसाची रक्कम नव्हती आणि अंगावर स्वतःच्या प्रायोजकाचे नाव लावायची मोकळीक नव्हती. त्यांनी आपली वेगळी ग्रँड स्लॅम मालिका चालवली. दोनेक वर्षांनी तडजोड झाली. तेव्हा त्यांना लोभी म्हणणारे पुष्कळ होते. आज ती मालिका नसती तर पूर्ण वेळ कर्लिंग खेळणारे कोणी उरले असते का, याची मला शंका आहे. आता तर व्यावसायिक लीगही येते आहे. येऊ द्या. पण तिथे नावाजलेले स्किप आधी घेतले जातील. पंचविशीतली सेकंड, जिला अजून सहा वर्षे हवी आहेत, तिचे काय, हा प्रश्न लीग सोडवणार नाही. तो तुमच्याकडेच परत येईल.

शरीराबद्दल थोडक्यात. 'झाडू मारायला कसली दुखापत?' असे विचारणाऱ्याने एकदा संपूर्ण सामना ब्रश घासून बघावा. खांदा, कंबर, मनगट हे स्वीपरचे, गुडघा आणि नितंबाचा सांधा हे दगड सोडण्याच्या बसकणीचे. स्वीडनचा निकलास एडीन एकापाठोपाठ शस्त्रक्रिया झेलत २०१४ ला कांस्य, २०१८ ला रौप्य आणि २०२२ ला सुवर्ण असा चढत गेला. त्याच्यामागे उपचारांची यंत्रणा होती. माझा उजवा खांदा खेळातच गेला, पण नाव यादीतून निघाले त्या महिन्यापासून फिजिओथेरपीचे बिल माझ्या नावावर यायला लागले. खांद्याला काय ठाऊक, चक्र संपले म्हणून? बायकांच्या बाबतीत आणखी एक. २०१० मध्ये कॅनडाची राखीव खेळाडू क्रिस्टी मूर साडेपाच महिन्यांची गरोदर असताना ऑलिंपिकला होती. कॅनडाचीच रेचल होमन २०२१ मध्ये आठव्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी खेळली. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर खेळता येते, जागा राखली तर.

खेळाडूने कमावलेले कौशल्य तुमच्या एका परिपत्रकाने कसे पुसले जाते, हेही पाहिले आहे. २०१५ मध्ये ब्रशच्या अशा गाद्या आल्या की त्यांनी दगडाला वाटेत जवळजवळ हवे तिकडे वळवता यायला लागले. टाकणाऱ्याच्या हाताला अर्थ उरेना. खेळाडूंनीच आधी एकमेकांत करार करून त्या बाजूला ठेवल्या. नियामक मंडळी नंतर जागी झाली, २०१६ मध्ये तज्ज्ञ आणि खेळाडूंना एकत्र बसवून चाचण्या घेतल्या आणि सर्वांच्या ब्रशला एकच कापड ठरवले. निर्णय योग्यच होता. फक्त पुढच्या वेळी खेळाडूंना आधी विचारा. उंटावरून शेळ्या हाकण्यात एक हंगाम वाया गेला, आणि ज्याच्या हाती मोजून चार हंगाम आहेत त्याला एक हंगाम म्हणजे काय ते सांगायला नको.

सगळी सत्ता एका टेबलाकडे गोळा झाली की काय होते याचे उदाहरण दक्षिण कोरियाने दाखवले. २०१८ मध्ये रौप्यपदक जिंकून जगाच्या लाडक्या झालेल्या त्यांच्या महिला संघाने त्याच वर्षाच्या शेवटी जाहीर तक्रार केली, प्रशिक्षक अपमान करतात आणि बक्षिसाचे पैसे आम्हाला मिळत नाहीत. सरकारी चौकशीत तक्रार खरी निघाली. त्या पाच जणींना तेव्हा 'भांडखोर' ठरवून बदलणे सोपे होते. तसे झाले नाही. त्याच पाच जणी २०२२ च्या ऑलिंपिकला गेल्या आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवले.

या खेळात पंच क्वचितच शिट्टी वाजवतो. आपली चूक आपणच सांगायची असते. माझ्या शेवटच्या निवड स्पर्धेत नवव्या एंडला, दोन हॉग लाइनींच्या मध्ये, धावत्या दगडाला माझ्या ब्रशचा निसटता स्पर्श झाला. कोणी पाहिले नव्हते. मी हात वर केला, दगड बाहेर काढला गेला आणि तो सामना आम्ही एका गुणाने हरलो. तुमच्या निरीक्षकाच्या तक्त्यात त्या दगडासमोर शून्य पडले असणार. पडायलाच हवे होते, नियम तोच आहे. पण तक्त्यात शेजारी एक कोरा रकाना ठेवता आला असता, का शून्य, हे लिहायला.

तर मागणी काय? फार खर्चाची नाही. निधी चार वर्षांच्या हप्त्याने येतो हे मला कळते, तो तुम्हालाही वरून तसाच येतो. पण खेळाडूचा आढावा आठ वर्षांचा घ्या. तुमच्या कार्यक्रमाबाहेरचा संघ खुल्या स्पर्धेत जिंकला तर त्याला राष्ट्रीय संघ म्हणून पाठवायचे, हे नियमावलीत शब्दांत लिहा, म्हणजे पुढचा शुस्टर कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. ज्याचे नाव काढाल त्याला कारण लिहून द्या, साडेतीन ओळींपेक्षा जास्त, आणि काय सुधारले तर परत यावे तेही लिहा. काढल्यापासून एक वर्ष उपचार चालू ठेवा. लीड आणि सेकंडला आकड्यांवर तोलणार असाल तर त्यांच्या स्वीपिंगने किती दगड वाचले तेही मोजा, नाहीतर मोजूच नका. आणि समितीत गेल्या दहा वर्षांत खेळलेला, पण स्किप नसलेला, एक तरी माणूस बसवा. या शेवटच्या मागणीवर तुम्ही हसाल, पण मी सर्वांत जास्त अडून बसणार आहे ती हिच्यासाठी.

आपले पुष्कळ दगड स्कॉटलंडजवळच्या आयल्सा क्रेग बेटाच्या ग्रॅनाइटचे असतात. त्यांचे धावते कडे झिजून गुळगुळीत झाले की आपण त्यांना टाकून देत नाही, घासून पुन्हा धार देतो, आणि एकेक दगड अनेक दशके चालतो. एवढी सबुरी आपल्याकडे दगडासाठी आहे.

माझ्याबद्दल कोणी विचारलेच तर, खांदा बरा आहे. दोन हंगामांपूर्वी मी परत खेळायला लागले, क्लबच्या रात्रीच्या लीगमध्ये, आता व्हाइस म्हणून. स्किप माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहे. ती हाउसमध्ये येऊन हळूच विचारते, "ताई, इथे किती वळेल?" आणि हल्ली माझे उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते. येत्या हंगामात आम्ही राष्ट्रीय पात्रता फेरीत नाव देणार आहोत.

१९२४ च्या शामोनी ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या कार्ल ऑगस्ट क्रोनलुंड यांनी कर्लिंगचे रौप्यपदक घेतले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. ते पदक अधिकृत आहे हे ऑलिंपिक समितीने २००६ मध्ये मान्य केले, म्हणजे ८२ वर्षांनी. तेव्हा तुमच्या उत्तराची मला घाई नाही. त्यांच्या वयाला पोचायला माझ्याकडे अजून वीस वर्षे आहेत.

आपली,
एक माजी लीड, सध्या व्हाइस